व्याह्याच्या हातात दोरी

ज्या लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात मी ट्रकनं नाव आणली. साधीसुधी नव्हे, शिडाची! रत्नागिरीहून, सेकंडहँड. गल्लीतले लोक विचारायचे, "गुरुलिंग अप्पा, नाव लई झकास हाय, पण पाण्याचं काय?" मी म्हणायचो, "आपली तयारी असावी!"

निवृत्त माणसानं काहीतरी शिकावं. मी शीड शिकलो, पुस्तकातून. वारं वाढलं की शीड लहान करायचं. नावेचं तोंड वाऱ्याकडे करा, शीड हातभर खाली उतरवा, लोंबतं कापड गोळा करा आणि बारीक दोऱ्यांनी खालच्या आडव्या दांड्याला बांधून टाका. गच्चीवर बायकोच्या, म्हणजे उमाबाईच्या, पलंगपोसावर मी हे शंभरदा केलं होतं. एकदाही बुडालो नाही!

आमच्या सुकन्याचं आणि उदगीरच्या वीरेशचं एकमेकांना पसंत करून झालं होतं. अडलं होतं ते वीरेशच्या वडिलांपाशी. गुरुपादप्पांचं चाळीस वर्षांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकांनी त्यांना जन्मभर जे ऐकवलं, तेच ते दोन महिने मला ऐकवत होते, "विचार करून सांगतो!" शेवटी मी बेत आखला. यंदा गावाबाहेरच्या तळ्यात उन्हाळ्यातही पाणी टिकलं होतं; तिथं बोलवायचं, नावेतून फिरवायचं. पाण्यावर माणूस सैल होतो. तिथंच होकार काढायचा!

"बाबा, होकार राहू द्या," सुकन्या म्हणाली, "त्यांना कोरडं परत आणा."

मे महिन्यातली दुपार. काठावर उमाबाई आणि विहीणबाई होणाऱ्या नागम्मा धपाट्यांचा डबा उघडून बसल्या. आम्ही दोघे तळ्याच्या मधोमध पोचलो आणि वारं सुटलं. असं सुटलं, जशी शाळा सुटावी! नाव एका अंगावर कलली. गुरुपादप्पांनी दोन्ही हातांनी काठ धरला.

"ही वाकडी कामून होऊन राहिली?"

"तिची तशी बसायची पद्धत आहे."

शीड लहान करायची वेळ झाली होती. आता गोम अशी, की एकानं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्यानं कापड आवळायचं. गच्चीला सुकाणू नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! नावेत माणसं दोन, त्यातला एक मुलाचा बाप. आमच्याकडे मुलाच्या बापाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत. त्याच्या हातात दोरी द्यायची?

"मी काही धरू का?" त्यांनीच विचारलं.

"छे छे! आपण फक्त बसावं!"

मी सुकाणू सोडलं आणि शिडाकडे झेपावलो. नाव गर्रकन फिरली. आडवा दांडा वेशीच्या दारासारखा आमच्याकडे यायला लागला. मी खाली बसलो आणि अदबीनं म्हणालो, "गुरुपादप्पा, आपल्याला तसदी होणार नसेल, तर आपण मस्तक किंचित..."

ठाण्! टोपी तळ्यात.

"वाक्य पुरं करत जा की हो!" ते कपाळ चोळत ओरडले.

नाव परत फिरली, दांडा परत निघाला. "क्षमा असावी, पुन्हा एकवार आपण कृपा करून..."

ठाण्!

तिकडे काठावर, मला मागाहून कळलं, नागम्मांना एवढंच दिसलं, की आपले यजमान सारखी मान खाली करून राहिले. "अय्यो, कशाला डोलायलेत हे?"

"होकार देऊन राहिले!" उमाबाई म्हणाली आणि तिनं नागम्मांच्या तोंडात पेढा कोंबला.

मध्ये मात्र पाणी काठावरून आत यायला लागलं. तिसऱ्यांदा दांडा फिरला आणि माझी सगळी अदब पाण्यात गेली. "अरे ए बाबा, बस की गुमान खाली! धर ते कापड आणि घाल घडी!"

माणूस जागच्या जागी बसला. मी सुकाणू धरून नावेचं तोंड वाऱ्याकडे केलं, दोरी सैल सोडली आणि बघतच राहिलो. गुरुपादप्पांनी शिडाची कड हनुवटीखाली दाबली, बोटांनी सर सर सर चुण्या पाडल्या. गिऱ्हाइकानं चाळीस लुगडी उलगडायला लावून एकही न घेता जावं आणि दुकानदारानं रागारागानं सगळ्यांच्या परत घड्या घालाव्यात, तशा! दांड्याला गाठी मारल्या त्या पार्सलच्या. नाव दावणीतल्या म्हशीसारखी गरीब झाली.

मी त्यांना 'अरे ए' म्हणालो होतो! मुलाच्या बापाला! सुकन्याला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी काठाला लागेपर्यंत करत होतो.

नागम्मा पेढा गिळत पुढं आल्या. "दिलात का होकार?"

गुरुपादप्पांनी मला नावेजवळ ओढलं. शिडाची कड चिमटीत धरून मला विचारलं, "हे कापड तुम्ही चांगलं म्हणून घेतलंत?"

"हाव! एक नंबर आहे, म्हणाला तो विकणारा."

कापड उन्हासमोर धरून त्यांनी त्यातून आरपार तळं बघितलं. मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसले. "सोयरीक पक्की! लग्नाचा सगळा बस्ता आमच्याच दुकानात."

परतताना मी ऐटीत उमाबाईला म्हणालो, "बघितलंस? माणसाला शेवटी रोखठोक बोलणारा व्याही आवडतो."

"व्याही न्हाई," ती डबा आवरत म्हणाली, "गिऱ्हाईक आवडलं."