पुंडलिक मिस्त्रींचा खांब

पुंडलिक मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांशी बोलत नसत, लाकडाशी बोलत. चप्पल दारात काढायची, मुठीनं खांब ठोकायचा, कान लावायचा. लाकडानं 'ठीक आहे' म्हटलं तरच चहा! एकदा बाभुळगावात सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी वरपक्षाचं घर ठोकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरगं चांगलं हाय, पण मयाल पोकळ हाय!" मयाल म्हणजे छताची तुळई. सोयरीक मोडता मोडता राहिली.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून आम्ही सगळा कापूस माडीवर कोंबला होता. खाली आम्ही चौघं झोपायचो. मिस्त्री आले, तुळई ठोकली आणि माझ्यावरच खेकसले.

"मास्तर, शिकेल माणूस ना तुमी? कापूस हलका रायते, ढीग नाई रायत! मयाल वाकून राह्यली. लेकरं काढा इथून!"

नवं सागवान मिळेना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच बैलगाडीत एक जुना खांब घेऊन आले आणि तुळईखाली टेकू दिला.

"कुठून आणला?"

"पडून होता. गप बसा."

मग दर रविवारी स्वारी हजर. खांब ठोकायचे, बोटं खालून वर फिरवायचे. खांबाला एकावर एक खाचा होत्या, तिथं हात जरा रेंगाळायचा. मला वाटे, म्हातारा चळला. दिवाळीत मी हौसेनं त्या खाचा पुट्टी भरून बुजवल्या आणि वर चकचकीत रंग मारला. माझी अक्कल, दुसरं काय!

रविवारी मिस्त्रींनी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. "चांगला रंगवला, मास्तर," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

मला चैन पडेना. त्यांच्या घरी गेलो. मधल्या खोलीत खांबच नव्हता. दोन बांबूंवर छप्पर कसंबसं तोललेलं.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

"मी एकलाच तं आहो. तुमच्या मयालीखाली चार जनं झोपते."

"उद्याच कापूस विकतो. खांब परत घ्या."

"भाव येऊ द्या. घाई नाई."

"आणि त्या खाचा?"

त्यांनी बांबूवरून बोटं फिरवली. "आमच्या विज्याची उंची. दर पोयाच्या सणाले एक खाच. कापसानं दगा देल्ला तवा सुरतेले गेला कामाले. मंग आलाच नाई."

लाजेनं मेल्यासारखं झालं. घरी येऊन काचेच्या तुकड्यानं सगळा रंग खरवडला, खिळ्यानं एकेक खाच मोकळी केली. बायको म्हणाली, "वेडे झाले का?" म्हटलं, हो.

रविवारी मिस्त्रींना हाताला धरून आणलं. त्यांनी खांब ठोकला नाही, कानही लावला नाही. बोटं एकेका खाचेवरून वर गेली आणि शेवटच्या खाचेशी थांबली. ती त्यांच्या डोक्याच्याही वर होती.

"लय उंच झालता," ते म्हणाले. मग खांबाला टेकून खाली बसले. "वैनी, चहा टाका."