महिन्यातून एकदा चिखल

मुलगी देताना नानांनी जावईबापूंना जेमतेम दोन प्रश्न विचारले होते. गाडीची किल्ली देताना मात्र त्यांनी त्यांना सकाळी बोलावून घेतलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत सोडलं नाही.

गाडी म्हणजे उंच, मागे उघडा हौदा असलेली, वेळ पडली तर चारही चाकांनी ओढणारी पिकअप. नाना मोजणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा आता डोंगरदऱ्या पालथ्या घालायच्या म्हणून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. प्रत्यक्षात तिनं पालथी घातली ती मंडई, बँक आणि दातांचा दवाखाना. तिच्या हौद्यात चढलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे शेजाऱ्यांचं कपाट. तरी नाना तिला रोज पुसत आणि स्वतःशिवाय कुणाला चालवू देत नसत. आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडेही लायसन होतं, पण ते कपाटात. त्या पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसत आणि वळण आलं की "हळू" म्हणत.

आता मुलाकडे बाळ येणार म्हणून दोघं बरेच महिने परगावी राहायला निघाली होती आणि गाडी जावयाच्या गळ्यात पडत होती.

"हा मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा बघा," नाना आवाज उतरवून म्हणाले. "फोर व्हीलचा. महिन्यातून एकदा हा टाकून थोडं चालवायचं. नाहीतर पुढच्या बाजूचं ऑइल एका जागी बसून राहतं आणि दांडा आखडतो. पण मातीवर, चिखलावर. कोरड्या डांबरावर कधीही नाही. लक्षात राहील?"

"राहील."

"काय राहील?"

जावईबापूंनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. ते चष्म्याचं दुकान चालवत. डोळ्याला दिसणार नाहीत असले स्क्रू ते लीलया बसवत, पण त्या गाडीत चढायला त्यांना दाराच्या वरची मूठ धरावी लागे. त्यांनी दांड्याकडे पाहिलं आणि नमस्कार करावा की काय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

पहिल्या महिन्यात दुकानात रंगकाम निघालं. दुसऱ्या महिन्यात ते गाडीत जाऊन बसले, दांड्यावर हात ठेवला, आणि हे काहीतरी मोडेल म्हणून उतरून आले. तिसऱ्या महिन्यापासून गाडीजवळून जाताना ते नजर चुकवू लागले. पण दर रविवारी नानांचा फोन येई. लेकीची चौकशी नंतर, आधी हे:

"जावईबापू, दांडा टाकला ना?"

"हो, म्हणजे काय!"

हे एकदा म्हटलं गेलं, मग म्हणतच जावं लागलं. परतीची तिकिटं काढल्यावर नाना फोनवर म्हणाले, "खरं सांगू? तुमच्यावर सोपवलं आणि मी निर्धास्त झालो. पोटचा मुलगासुद्धा माझं इतकं ऐकत नाही." जावईबापूंनी फोन ठेवला आणि समोरचं ताट बाजूला सारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नानांनी त्यांचं कौतुक केलं असं हे पहिल्यांदाच घडलं होतं, आणि तेही फसवून मिळवलेलं.

ज्या रविवारी दुपारच्या रेल्वेनं सासू-सासरे येणार होते, त्या सकाळी चहा पिताना त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"एकदाही नाही?" ती म्हणाली.

"मनात पुष्कळदा आलं."

"मनानं ऑइल फिरतं का? आता काय करणार आहेस?"

"सगळे महिने आज भरून काढू. एका महिन्याला एक फेरी."

"ते उपास आहेत का राहिलेले, भरून काढायला?"

पण नवऱ्याचं तोंड पाहून तिला कणव आली. तिनं पायात जुन्या चपला सरकवल्या आणि किल्ली घेतली.

चिखल शोधणं इतकं कठीण असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. शाळेमागचं मैदान मातीचं आहे, अशी बायकोची खात्री होती. तिथे गेल्यावर दिसलं की मैदानाला फरशा बसवून झाल्या आहेत. तलावाकाठची वाट सिमेंटची झाली होती. आपल्या गावात माती राहिली नाही याचं दुःख जावईबापूंना आयुष्यात प्रथमच झालं. शेवटी एका रोपवाटिकेपाशी त्यांनी गाडी थांबवली, कारण निदान तिथे कुंड्यांमध्ये तरी माती दिसत होती.

रोपवाटिकेचा मालक पाइपनं पाणी घालत होता. गाडी पाहून तो हसत पुढे आला, पण आतली माणसं पाहून जरा थबकला.

"नमस्कार," जावईबापू म्हणाले. "तुमच्याकडे... चिखल मिळेल का?"

"गाडीसाठी ना?" मालक म्हणाला. "पाण्याच्या टाकीच्या मागे जा. तिथे माती कायम ओली असते, आता तर पाइप फुटलाय, चिक्कार आहे. मागच्या अंगानं शिरा, समोरून दगड आहेत."

"बघ, गाडीवाल्यांना एका नजरेत कळतं," जावईबापू निघताना बायकोला म्हणाले. आपल्याला त्यानं गाडीवाला समजलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की पुढचा विचार त्यांनी केला नाही.

टाकीमागे खरोखरच चिखलाचं साम्राज्य होतं. जावईबापूंनी गाडी कडेला थांबवली, डोळे मिटले आणि छोटा दांडा ओढला. आखडला असेल म्हणून त्यांनी दोन्ही हात लावले होते. पण तो लोण्यातून सुरी जावी तसा सरकला, आणि जावईबापू स्वतःच्या जोरानं बायकोच्या अंगावर कलंडले.

"आखडतो म्हणाले होते ना नाना?" ती म्हणाली.

"चांगल्या कंपनीची गाडी आहे," जावईबापू सावरत म्हणाले.

पहिली फेरी त्यांनी जीव मुठीत धरून मारली. दुसरीला गाडी अडली नाही. तिसरीला चिखलाचे फवारे काचेवर आले आणि जावईबापू चक्क हसले. बायको खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं मोजत होती, कारण हिशेब चुकला तर पुन्हा नव्यानं सुरू करायची नवऱ्याची तयारी दिसत होती.

एक सरकारी दिसणारी उंच गाडी, चष्मा लावलेला गंभीर माणूस आणि आकडे पुकारणारी बाई एवढं पाहिल्यावर आसपासच्या घरांतून लोक बाहेर आले. हातात बादली घेतलेल्या एका आजींनी गाडीच अडवली.

"आलात का एकदाचे? महिना झाला पाइप फुटून! मोजमापं घेताय ना?"

"अहो आजी, मी नळखात्याचा नाही. मी चष्मेवाला."

"म्हणजे आता चष्मा लावून बघणार होय? उघड्या डोळ्यांनी दिसत नाही का एवढं?"

लोक जमत गेले. एकानं तक्रार सांगितली, दुसऱ्यानं तिला दुजोरा दिला. तिसऱ्यानं फोनवर खात्यातल्याच कुणाला तरी दम दिला की तुमचा साहेब इथे चिखलात उभा आहे आणि तुम्ही घरी बसलाय. सुटका होईना, तेव्हा जावईबापूंनी "आजच्या आज बघतो" असं सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वाट करून दिली.

"किती झाल्या?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

"एक महिना राहिला. आणि नाना-आईंची रेल्वे येईलच आता."

परत चिखलात शिरायचं म्हणजे पुन्हा आजी. जावईबापूंनी घड्याळ पाहिलं आणि जो निर्णय घ्यायला नको होता तो घेतला. "स्टेशनचा रस्ता सरळ आहे. शेवटचा महिना जाता जाता होऊन जाईल."

"अरे, डांबरावर कधीही नाही म्हणाले होते!"

"कोरड्या डांबरावर. आपली चाकं ओली आहेत."

चाकं पहिल्या वळणापर्यंत सुकली. चौकात गाडी वळायला लागली आणि तिनं अंगच आखडलं. पुढची चाकं कुरकुरली, मागची किंचाळली, आणि गाडी उड्या मारत वळली. जावईबापूंनी दांडा परत ढकलला. दांडा ढिम्म. त्यांनी दोन्ही हातांनी ढकलला, बायकोनं पाय लावला, मागून हॉर्नचा कल्लोळ उसळला. मघाशी लोण्यातून गेलेला दांडा आता भिंतीत गाडल्यासारखा बसला होता.

"मोडला," जावईबापू हळूच म्हणाले. "इतके महिने हात लावला नाही तेव्हा धड होता. हात लावला आणि मोडला."

बायकोला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "चल. ती दोघं उन्हात उभी असतील."

स्टेशनच्या आवारात नाना-आई सामान घेऊन उभेच होते. गाडी किंचाळत, उड्या मारत, टपापर्यंत चिखलानं माखून त्यांच्यासमोर येऊन थांबली. नाना पुढे झाले. त्यांनी एका बोटानं दारावरचा चिखल निरखला. जावईबापू उतरले ते मान खाली घालूनच.

"नाना, मी खोटं बोललो. एकदाही दांडा टाकला नव्हता. आज एकदमच सगळे महिने भरायला गेलो, शेवटचा डांबरावर भरला, आणि आता तो निघत नाहीये. तुम्ही विश्वास टाकला होता. माझ्याकडून मोडला."

 नाना गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"काय झोकात दिसतेय हो," ते म्हणाले. "जाहिरातीत अशीच होती." मग त्यांनी जावयाला थोडं बाजूला घेतलं. "कसं वाटतं हो तो टाकल्यावर?"

"म्हणजे? तुम्ही तर दर महिन्याला..."

"छे! मी कुठला टाकतोय. पुस्तकात लिहिलं होतं ते पाठ केलं, एवढंच. टाकला आणि परत निघालाच नाही तर, या भीतीनं इतकी वर्षं हात लावला नाही. तुम्हाला सांगून ठेवलं. तुमच्या हातून मोडला असता तर तुमच्यावर रागावता आलं असतं. माझ्या हातून मोडला तर रागवायचं कुणावर?"

 इतक्या वर्षांत सासरा-जावई इतके जवळ कधी आले नव्हते.

"पण नाना," बायको मध्येच म्हणाली, "इतकी वर्षं हात लावला नव्हता, तर मग सकाळी तो इतका सहज कसा पडला?"

 तेवढ्यात आई पुढे झाल्या. त्यांनी पर्स नानांच्या हातात दिली, पदर खोचला आणि दाराच्या मुठीला हातही न लावता त्या ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या. गाडी सुरू करून त्यांनी ती सरळ थोडीशी मागे घेतली आणि दोन बोटांनी दांडा ढकलला. खट् असा आवाज झाला आणि दांडा सुटला.

"वळणावर घेतला की असाच धरून बसतो मेला," आई म्हणाल्या. "सरळ जरासं मागे घ्यायचं, मग सोडतो."



"अगं, तू?" नानांना एवढंच सुचलं.

"महिन्यातून एकदा. तुम्ही दुपारचे झोपलात की. तुम्हाला उठवायला ढोल लागतो. टाकीमागे दोन फेऱ्या मारायच्या, रोपवाटिकेत गाडी धुवायची, एखादी कुंडी आणायची. तुम्ही म्हणायचात, हिला झाडांचं फारच वेड."

"पण मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दिली असतीत किल्ली?"

 मग सामान हौद्यात चढवण्याचं काम नानांनी एकट्यानं, जरा जास्तच निगुतीनं केलं. लेक आणि जावई मागे बसले. नाना पुढे, शेजारच्या सीटवर बसले आणि आईंची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

गाडी आवाराबाहेर पडली. घराचा रस्ता डावीकडे होता.

"जरा उजवीकडून घेतेस का?" नाना समोर बघतच म्हणाले. "टाकीमागून. मलाही बघायचंय एकदा."

"तिकडे नको!" जावईबापू मागून ओरडले. "तिथे मी आज पाइप दुरुस्त करणार आहे!"

पण आईंनी गाडी उजवीकडे वळवलीही होती.

"हळू," नाना म्हणाले.