भलत्याच्या डोक्यावर हात

पाच वर्षं कच्च्या पदावर काढल्यावर साहेबरावांना त्या रविवारी पक्कं पाळक करायचं ठरलं होतं. बदनापूरच्या छोट्याशा मेनोनाईट ख्रिस्ती मंडळीने होकार दिला होता, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या समितीने प्रश्न विचारून विचारून त्यांचा घाम काढला होता. आता बिशपांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तेवढंच उरलं होतं. दुसऱ्याच दिवशी मंडळीतल्या प्रभावतीबाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि दीक्षा झाल्याशिवाय साहेबरावांना ते लावता येणार नव्हतं.

बिशप रायपूरकडून आले, ते रेल्वेत चष्मा फोडूनच.

साहेबराव गुडघे टेकणार, तोच माइक शिट्ट्या मारू लागला. ते बाजूला झाले आणि माइकवाला कडूबा वायर हलवायला तिथेच गुडघ्यांवर बसला. बिशपांना समोर एक डोकं दिसलं, तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी दोन्ही हात ठेवले. एवढ्या मोठ्या माणसाचा हात डोक्यावर असताना उठायचं कसं, म्हणून कडूबा गप्प बसला. चालू प्रार्थनेत तोंड घालायचं कसं, म्हणून साहेबरावही गप्प. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. मंडळीने दणक्यात "आमेन" म्हटलं, डोळे उघडले, तर पाळक झाला होता कडूबा!

"साहेब, परत ठिवा हात, जल्दी," समितीचे अध्यक्ष काकासाहेब कुजबुजले. माइक चालू असल्याने ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"ऐसे कैसे? मंडळीने आमेन बोला," बिशप म्हणाले. "अब मंडळीच रद्द करेगी. एकमताने."

"मंग कुणाची हरकत?" काकासाहेबांनी नावापुरतं विचारलं.

"माझी हाय," प्रभावतीबाई उठल्या. "उद्या पोरीचं लगीन. साहेबराव बोलाया लागले की पंगत दिवेलागणीला बसती. हा माणूस हॅलो-हॅलो म्हणतो अन् खाली बसतो. मला तर हाच बराबर वाटून राह्यला."

"अवो ताई, तो माइकवाला हाय!"

"साहेबराव तरी कुठं माइक सोडतेत?"

कडूबालाही आता जरा गंमत वाटू लागली. "पण काम काय असतं याच्यात?"

बिशपांनी समजावलं. कुणावर हात उगारायचा नाही, शपथ घ्यायची नाही आणि दुश्मनाला मनापासून माफ करायचं.

"दुश्मनाला? म्हंजी त्या मंडपवाल्या सर्जेरावाला?"

"बिलकुल."

"मंग न्हाई जमणार," म्हणत कडूबा तडक उठला आणि आपल्या मशीनमागे जाऊन बसला.

पद मोकळं झालं. थोडक्यात बोलायच्या अटीवर प्रभावतीबाईंनीही हरकत मागे घेतली. साहेबराव घाईघाईने गुडघ्यांवर बसले. या खेपेला बिशपांनी आधी चेहरा चाचपून घेतला, मग विचारलं, "दुश्मन को माफ करोगे?"

साहेबरावांनी मान वळवून प्रभावतीबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"समद्यांनाच का, साहेब?"

"सबको."

साहेबराव उठले. "मंग मला जरा बाहेर जाऊन प्रार्थना करावी लागंल."

"तीबी लांबवू नका," मागून प्रभावतीबाई म्हणाल्या.