जबडा बाजूने की विरोधात?

"नवा आरोग्य कायदा या देशाचा कणा ताठ करेल, आणि जो त्याच्या आड येईल त्याला इतिहास कधीही माफ करणार नाही!" रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बायंडरने जाहीर केले आणि वाक्याला वजन यावे म्हणून मूठ आपटली. मूठ जॅम लावलेल्या पावावर पडली. इतिहासाने या घटनेची नोंद घेतली नाही. बायकोने घेतली.

"टेबलक्लॉथ कालच धुतलाय," ती म्हणाली आणि चहाची किटली आणायला आत गेली.

बायंडरचा धंदा पुस्तकांना आणि सरकारी कागदांना पुठ्ठे चढवण्याचा. या कायद्याच्या मसुद्याच्या चाळीस प्रती त्यानेच बांधल्या होत्या. प्रत्येकी तीनशे बारा पाने. त्यातले एकही त्याने वाचले नव्हते, पण सगळी मोजली होती, आणि तेवढ्या भांडवलावर तो गेले तीन आठवडे कायद्याच्या बाजूने लढत होता. समोर होते त्याचे मेहुणे, विमा एजंट. स्वतःच्या घराला रंग लावायचा म्हणून दोन दिवसांसाठी बहिणीकडे आले होते. रंग केव्हाच वाळला होता, वाद वाळत नव्हता. मेहुण्यांनी कायद्याविरुद्धचे एक पत्रक अर्धे वाचले होते. म्हणजे वाचनात आघाडी त्यांचीच होती.

"दाजी, तुमच्या कायद्यात माणूस रांगेत मरेल, रांगेत!"

"आणि तुमच्या विम्यात तो फॉर्म भरता भरता मरतो!"

"आधी वाचलाय का तुम्ही कायदा?"

"वाचायचा काय? मी शिवलाय तो!"

यानंतर खरा तडाखा द्यायचा म्हणून बायंडरने छाती भरून श्वास घेतला आणि आजवर उघडले नव्हते एवढे तोंड उघडले. कानापाशी 'कट्' असा आवाज झाला. तोंड उघडेच राहिले.

मेहुणे सभ्य माणूस. त्यांनी उत्तरासाठी मिनिटभर वाट पाहिली. मग हसले. "काय झालं? सुचत नाही ना?"

"आ," बायंडर म्हणाला.

किटली घेऊन आलेल्या बायकोने नवऱ्याकडे एकदाच पाहिले. मोठ्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर तिने बावीस वर्षे काढली होती. गावात अजूनही तिला खिडकीबाई म्हणत. माणूस खिडकीपर्यंत पोचायच्या आत त्याचे दुखणे तिला कळायचे.

"जबडा निखळलाय," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, ताई! मुद्दे संपले म्हणून नाटक—"

"तू गप. गाडी काढ. तासाभरात बसला तर हाताने बसतो. नाहीतर स्नायू आखडतात, मग भूल देऊन बसवावा लागतो."

'भूल' ऐकून बायंडरचे डोळेही जबड्याइतके उघडले. गळ्यात टॉवेल बांधून त्याला मागच्या सीटवर बसवले. कोपऱ्यावरच्या दवाखान्याला कुलूप होते आणि दारावर पाटी होती: 'जनतेच्या आरोग्यावरील जाहीर चर्चेमुळे दवाखाना आज बंद राहील.' खिडकीबाईने इस्पितळात फोन लावला.

"हाडांचे डॉक्टर सभेला गेलेत," पलीकडून उत्तर आले.

"दातांचे?"

"तेही तिथेच. एक बाजूने बोलणारेत, एक विरोधात."

सभागृहाच्या दारात टेबल मांडून एक स्वयंसेवक बसला होता. पुढ्यात बिल्ल्यांचे दोन ढीग. हिरवे बाजूने, लाल विरोधात.

"बाजूने की विरोधात?" त्याने मान वर न करता विचारले.

"यांचा जबडा निखळलाय. डॉक्टर आत आहेत, त्यांना भेटायचंय."

"हो, पण बाजूने की विरोधात? बिल्ल्याशिवाय आत सोडता येत नाही."

"दुखण्याच्या बाजूने कोण असतं हो?"

"तटस्थांची सोय नाही," स्वयंसेवक म्हणाला. मग त्याने मान वर करून बायंडरचे तोंड पाहिले आणि जरा मागे सरकला. "यांचं मत मात्र ठाम दिसतंय."

मेहुण्यांनी झटकन लाल बिल्ला उचलला. बायंडरने, दुखण्यातही तत्त्व न सोडता, हिरव्यावर बोट ठेवले. खिडकीबाईने एकही घेतला नाही. ती नवऱ्याचा दंड धरून आत शिरली आणि स्वयंसेवक "अहो बाई, अहो बाई" करत राहिला.

आत दोनशे माणसे होती आणि दीडशे एकदम बोलत होती. व्यासपीठावर मधोमध अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, हातात पितळी घंटी. प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटे, मग घंटी, असा नियम. त्यांच्या एका हाताला हाडांचे डॉक्टर, हिरवा बिल्ला. दुसऱ्या हाताला दातांचे डॉक्टर, लाल. बायंडर मधल्या वाटेवर उभा राहिला, छातीवर हिरवा बिल्ला आणि तोंड 'आ' वासलेले.

"बघा, बघा! हिरवेवाले कसे ओरडतायत!" लाल बाजूचा एक न्हावी उठून म्हणाला.

"त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, एवढा तुमचा गोंगाट!" हिरव्या बाजूची शिंपीणबाई उसळली. "आमच्या माणसाचा आवाज दाबताय!"

"आवाज दाबला! आवाज दाबला!" हिरवी बाजू उठून उभी राहिली. ते पाहून लालही उठली.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "हिरवा बिल्ला, टॉवेलवाले! तोंड बंद करा!"

"आ," बायंडर कळवळून म्हणाला.

"हा अध्यक्षांचा अपमान आहे!"

वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने चार फोटो काढले. चारही उत्तम आले. संतप्त नागरिक म्हणून असे तोंड त्याला वर्षभरात मिळाले नव्हते. मेहुण्यांना मात्र आता राहवेना. लाल बिल्ला लावलेले ते लाल बाजूतूनच ओरडले, "अहो, तो ओरडत नाहीये! त्याला तोंड मिटता येत नाहीये!"

"फितूर!" मागून कोणीतरी म्हणाले. शेजाऱ्याने मेहुण्यांचा लाल बिल्ला ओढला आणि पिन तिथेच तुटली.

खिडकीबाई तोवर नवऱ्याला घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्यांशी पोचली होती. हाडांच्या डॉक्टरांनी जबडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक ओढला. "नागरिकहो, ही पाहा आजच्या व्यवस्थेची अवस्था! जबडा निखळलेला माणूस, रविवारचा, दारोदार—"

दातांच्या डॉक्टरांनी दुसरा माइक ओढला. "आणि हीच पाहा उद्याची रांग! कायदा आला की असे दोनशे जबडे—"

"आकडा कुठून आणलात?"

"तुम्ही अवस्था कुठून आणलीत?"

दोघांचेही हात मोकळे होते, आणि दोघेही ते हात एकमेकांवर नाचवत होते. मध्ये बायंडर लाळ गाळत उभा. खिडकीबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तासातली अठरा मिनिटे उरली होती. तिने साडीचा पदर खोचला, पायऱ्या चढली, अध्यक्षांच्या हातातून घंटी काढून घेतली आणि अशी वाजवली की मागच्या रांगेतले झोपलेले म्हातारेही हजेरी द्यायला उठले.

"अहो बाई, ती अध्यक्षांची—"

"खुर्ची सोडा. पेशंटला बसायचंय."

मुख्याध्यापक उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या तरी घंटीचे ऐकले होते.

"बावीस वर्षं मी केसपेपरच्या खिडकीत बसले," ती माइक न घेता म्हणाली, आणि तरी ते शेवटच्या रांगेला ऐकू गेले. "मोडलेला हात आला, भाजलेला पाय आला, नाकात वाटाणा घातलेली पोरं आली. पण मी कायद्याच्या बाजूने आजारी आहे, असं सांगत एकही माणूस आला नाही. भांडायचं तर खुशाल भांडा. कायदा हवा की नको, ते मलाही कळून घ्यायचंय. पण हा जबडा बसेपर्यंत या घंटीखेरीज इथे कोणी बोलणार नाही!"

"पण मुद्द्याला धरून एक—" न्हावी उठला.

घंटी वाजली. "नाव? दुखतंय कुठे? नाही? मग बसा. पुढचा!"

"वैयक्तिक खुलासा—" शिंपीणबाई उठली.

घंटी. "खुलाशाला सोमवारी या. तुम्ही, हाडांचे डॉक्टर, मागून डोकं धरा. तुम्ही, दातांचे, अंगठ्यांना कापड गुंडाळा."

"मी? यांच्याबरोबर?" दोघे एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचे प्रथमच एकमत झाले होते.

खिडकीबाईने घंटी फक्त जरा वर उचलली.

हिरव्या बिल्ल्याने डोके धरले. लाल बिल्ल्याने अंगठे आत घालून दाढांवर दाब दिला, खाली आणि मागे. दोनशे माणसांनी श्वास रोखला. 'कट्' झाले. बायंडरचे तोंड मिटले, उघडले, पुन्हा मिटले. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की टाळी हिरवी की लाल, हे पाहायचे कोणाला सुचले नाही.

मग माइक बायंडरपुढे आला. "बोला! बाजूने की विरोधात?" फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

"पंधरा दिवस मोठ्याने बोलायचं नाही," दातांचे डॉक्टर डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधत म्हणाले.

"जांभईसुद्धा हनुवटीला हात लावून," हाडांच्या डॉक्टरांनी भर घातली.

"आमचं काम झालं," खिडकीबाई म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन निघाली.

दुपारी बायंडर पट्टी बांधलेल्या डोक्याने नळीने सूप पीत होता. मेहुण्यांनी तोंडातला घास संपवला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "तरी पण दाजी, तुम्ही पाहिलंतच, रांग काही—"

टेबलाखाली घंटी वाजली. मेहुण्यांनी पुढचा घास घेतला. तीन आठवड्यांतले ते पहिले शांत जेवण होते. घंटी आपल्याच पर्समधून घरी आली आहे, हे खिडकीबाईला गाडीतच कळले होते. तिने ती परत करायचे ठरवलेही होते. सोमवारी. किंवा पुढच्या.

चार वाजता दार वाजले. अध्यक्ष उभे होते. शर्टाचे वरचे बटण गेलेले, घसा बसलेला, चष्म्याची एक काडी हातात.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुमच्यानंतर दोन मिनिटांसाठी जो उठला ना, तो न्हावी अजून बोलतोय. तेवढी घंटी देता का?"