शिंगाड्याची भाकरी आणि भरमूचा अंगठा

शहापुरातल्या भरमू विणकराच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या लघवीची चौकशी झाली. अंगठा मागाच्या पावडीवर घासून चिरला होता. पावडी दाबली नाही तर लुगडं विणलं जात नाही, म्हणून नागुबाईनं नवऱ्याला लष्करी कॅम्पाजवळच्या दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरांनी नळीत निळं पाणी घेतलं, त्यात भरमूची लघवी टाकली आणि दिव्यावर उकळली. पाणी विटेसारखं लाल झालं.

"साखर आहे. हा रंग निळा राहायला हवा. आठ दिवसांत लाली उतरली नाही, तर अंगठा कापायचा."

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, चिमूटभरासाठी मारामारी, आणि या माणसाच्या लघवीत ती फुकट वाहत होती. भात, गूळ, साखर बंद, जेवण निम्मं, एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली.

भरमू घरी येऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

"निम्मं जेवलो तर निम्मीच साखर जाणार गं," तो म्हणाला. "जेवायचंच न्हाय. आठ दिस कडक उपास."

नागुबाईनं जात्यावर शिंगाडे दळले. सकाळी शिंगाड्याची भाकरी, दुपारी शिंगाड्याची पेज, दिवेलागणीला परत भाकरी. गुळाचा खडासुद्धा तिनं घरात ठेवला नाही. अंगठा वाचावा म्हणून तीही नवऱ्याबरोबर तेच खात होती.

आठव्या दिवशी नळी आणखी लाल झाली.

"जेवून आलास?"

"न्हाय जी. आठ दिस उपास. अन्नाला शिवलो न्हाय."

डॉक्टर चकित झाले. पोटात काही नसताना साखर होते म्हणजे रोग हाडात उतरला, असं त्यांनी वहीत लिहिलं.

"साहेब, फराळाला मी ह्यास्नी..." नागुबाईनं तोंड उघडलं.

"बाई, रोगी कोण? तुम्हाला विचारलं नाही."

विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण फाटक्या लुगड्याला विचारतो कोण? आणि लुगडी विणणाऱ्याच्या बायकोचं लुगडं फाटकंच असतं.

आणखी आठ दिवसांची मुदत मिळाली. भरमूनं घोटभर ताकही सोडलं. अशक्तपणा आला म्हणून नागुबाईनं एकीऐवजी दोन भाकऱ्या केल्या. मुदत संपली तेव्हा अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं.

दवाखान्यात भरमूला पातळ आमटी आणि मेथीची भाजी मिळू लागली, तशी नळी हिरवट झाली, मग जवळजवळ निळी. पाय वाचला म्हणून भरमूनं सोमवार धरला. नागुबाईनं घरून फराळ आणला. दोन तासांनी कंपाउंडरनं नळी उकळली, ती लाल.

नागुबाई नळीकडे बघत राहिली. तिला अक्षरं येत नव्हती, पण जन्म सुताला रंग देण्यात गेला होता. कुठल्या भांड्यातून कुठला रंग चढतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हातातल्या उरलेल्या भाकरीकडे तिनं पाहिलं. नवऱ्याची बोटं तिनंच दळली होती.

मग ती तडक डॉक्टरांकडे गेली. ते व्हरांड्यात पितळी डबा उघडून बसले होते. डब्यात शिंगाड्याचे लाडू, तुपानं थबथबलेले. एक तोंडात, एक हातात, मिशीला पीठ.

"काय बाई? लवकर बोला, भुकेनं जीव चाललाय. सोमवार माझा. सकाळपासून काही खाल्लेलं नाही."



"जी," नागुबाई लाडवाकडे बघत हळू म्हणाली. "मग ती निळी नळी मागवा, साहेब. आधी तुमची लघवी उकळून बघू."