टोपीकराचे कोबीवर फत्तेगज चालून गेला त्याची हकीकत

श्री. लिहिणाराचा हात न अडखळो, ऐकणाराचे कान न किटोत, आणि ज्यांची हकीकत आहे ते वाचून न रागावोत. शके सतराशे छपन्न, जयनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी राजे सीमोल्लंघनास निघाले. राज्याचे नाव सांगत नाही. ज्यास ठाऊक आहे त्यास ठाऊक आहे. राजे फत्तेगज हत्तीवर अंबारीत बसले, आणि पुढे ढोलनगारे, आणि मागे भालदार चोपदार, आणि हत्तीचे मानेवर दावल माहूत, ज्याने फत्तेगजास पिलू असल्यापासून आपले हाताने चारा घातला होता. मागील घोडीवर दरबारचे दुभाषी विसाजीपंत होते, तोंडाचे फटकळ परंतु शब्दाचे पक्के, आणि टोपीकर इंग्रजाची भाषा साऱ्या राज्यात त्यांस एकट्यास येत असे. मग गावाबाहेर इंग्रज सरकारचा वकील टोपीकर साहेब याचे बंगल्यापाशी स्वारी आली, तेव्हा राजियांचे मनात आले जे साहेबास आपले वैभव दाखवावे, आणि हुकूम जाहला, "दारूचे बाण सोडा! बार उडवा!" दावलाने मागे वळून हात जोडिले, "सरकार, जनावराला दारूची सवय न्हाई, भेईल. जरा लांबून उडवू द्या." राजे बोलिले, "आमचा हत्ती भितो काय?" मग बाण सुटले, आणि हत्ती भ्याला, आणि ऐसा भ्याला की साहेबाची भिंत पाडून आत शिरला, आणि मडमेचा झोपाळा मोडिला, आणि साहेबाने विलायतेहून बी आणवून कोबी लाविला होता तेथे आल्यावर हत्तीस भूक लागली, मग त्याने वाफेचे वाफे फस्त केले. राजे अंबारीत पालथे आणि डोईचा मंदील कोबीत. देवाचे दयेने कोणास इजा जाहली नाही, परंतु अब्रू म्हणून जी वस्तू आहे तिचा चक्काचूर जाहला.

आता या राज्याची चाल ऐसी की, राजाची चूक जाहली तरी ती राजाने तोंडाने म्हणावयाची नाही. शालजोडी आणि नारळ पाठवावा, घेणाराने शाल अंगावर घ्यावी, आणि झाले गेले गंगेला मिळाले. त्याप्रमाणे साहेबाकडे शालजोडी गेली. परंतु साहेब पडला टोपीकर, त्यास ही चाल काय ठाऊक! मडमेने शाल जेवणाचे मेजावर अंथरिली आणि तीवर चहाची भांडी मांडिली, आणि साहेबाचा सांगावा आला जे, मेजाचे कापड फार सुरेख आहे, परंतु अपॉलॉजी कोठे आहे? रविवारी मी स्वतः ती ऐकावयास येतो.

दरबारात एकच गलबला उडाला. दिवाण येसाजीराव मोठे मुत्सद्दी, ते विसाजीपंतांस म्हणाले, "काय हो पंत, ही अपॉलॉजी म्हणजे दिलगिरीच ना? मागे त्यांचे एक पत्र आले होते, त्यात रिग्रेट म्हणून शब्द होता, त्याचाही अर्थ तुम्ही दिलगिरीच सांगितला होता." विसाजीपंत बोलिले, "तेव्हा घाईत सांगितला, आता सवडीने सांगतो. वळवाचा पाऊस आला, शेजाऱ्याचे घरचा मांडव पडला, आपण म्हटले 'अरेरे, वाईट जाहले', ते रिग्रेट. आणि मांडवाची मेढ आपणच उपटिली, मग शेजाऱ्याचे दारी जाऊन 'माझे चुकले' म्हटले, ती अपॉलॉजी. हळहळ वेगळी आणि कबुली वेगळी." हे ऐकताच दिवाणजींची कळी खुलली. "वा! मग रिग्रेटच द्या की! गोड शब्द आहे, कोठे अडकत नाही." राजेही खूष जाहले आणि आरशासमोर बसून रिग्रेट, रिग्रेट ऐसे घोकू लागले. विसाजीपंतांनी विचारिले, "आणि साहेब म्हणाला की मग चूक कोणाची, तर?" दिवाणजी म्हणाले, "माहुताची. दुसऱ्या कोणाची असणार? साहेबासमोर त्यास बेडी घालून उभा करू, आणि नदीपार हाकलून देऊ, आणि हत्तीवर दुसरा माहूत ठेवू." आणि त्याच पावली दावलास कोठडीत घातले.

विसाजीपंत कोठडीपाशी गेले, आणि दावल गजाआडून पहिलाच शब्द बोलिला तो, "पंत, त्यो खातोय का?" फत्तेगज खात नव्हता. दसऱ्यापासून भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि नव्या माणसाने ऊस पुढे केला तर फेकून देत होता. दावल म्हणाला, "मला घालवा नदीपार, माझं काय, कुटं बी हमाली करीन. पण त्यो माझ्याबिगर न्हाई राहायचा वो. मरंल त्यो." आणि तो धिप्पाड माणूस हमसून हमसून रडला. मग विसाजीपंतांनी उपरणे झटकिले आणि मनाशी म्हटले, बस्स, आता बोललेच पाहिजे, चाकरी राहो की जावो.

रविवारी दरबार भरला. साहेब यावयास थोडका अवकाश होता, आणि दावल बेडीनिशी खांबापाशी उभा होता, आणि राजे घोकीत होते. विसाजीपंत पुढे होऊन मुजरा करून बोलिले जे, "महाराज, शब्द चुकीचा पाठ होतो आहे." दिवाणजी कडाडले, "पंत, पायरी सांभाळा!" परंतु पंत मागे हटले नाहीत. म्हणाले, "रिग्रेट म्हणावयास राजा कशास हवा? रस्त्याने जाणारा कोणीही म्हणेल. जेथे आपला हुकूम चालत नाही तेथे माणूस रिग्रेट म्हणतो. महाराजांनी तो शब्द उच्चारिला तर साहेब काय समजेल? की या राज्यात हत्ती आपले मर्जीने चालतो, आणि बाण आपले मर्जीने सुटतात, आणि राजा अंबारीत बसविलेला पाहुणा आहे! अपॉलॉजी तोच करितो ज्याचे हाती हुकूम होता. दसऱ्यास हुकूम कोणाचा होता, हे महाराजांनीच सांगावे."

राजियांचा चेहरा लालबुंद जाहला, आणि सर्वांस वाटले की पंतांचे आता काही खरे नाही, आणि पंतांसही तेच वाटले, परंतु मान त्यांनी खाली घातली नाही. इतक्यात चोपदाराने ललकारी दिली आणि साहेब आत आला. राजे गादीवरून उठले, आणि चार पावले पुढे गेले, आणि साहेबाचे भाषेत अडखळत म्हणाले, "अपॉलॉजी," आणि पुढे मराठीत, "हुकूम आमचा होता," ते पंतांनी साहेबास त्याचे भाषेत सांगितले. मग साहेबाने टोपी काढिली, आणि राजियांचा हात हाती घेतला, आणि काही बोलिला, त्याचा अर्थ पंतांनी सांगितला जे, "कोबी पुन्हा लावता येईल, साहेबाचे मनात काही राहिले नाही." आणि दोघे पान खाऊन हसतमुखाने वेगळे जाहले.

साहेब जाताच दिवाणजींनी सुटकेचा श्वास सोडिला आणि म्हणाले, "चला, उरकले. माहुताची बेडी काढा आणि द्या एक शाल." तेव्हा राजे म्हणाले, "थांबा. परक्यास जे दिले ते घरच्यास का नाही?" आणि खांबापाशी जाऊन साऱ्या दरबारासमक्ष बोलिले, "दावल, तू सांगत होतास. आम्ही ऐकिले नाही. आमचे चुकले." ऐसे वाक्य त्या वाड्यात कोणी ऐकिले नव्हते, चोपदारास कळेना की यावर ललकारी द्यावी की न द्यावी. विसाजीपंतांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते उपरण्याने उघडपणे पुसले. दावल गोंधळून म्हणाला, "सरकार, माझं काई न्हाई. माझं मी समजून घेईन. त्याला सांगा. भेला त्यो, बोल बी त्यालाच लागला."

दिवाणजी म्हणाले, "शुद्धीवर आहेस काय? जनावरास?" परंतु राजे निघाले होते. पिलखान्यात फत्तेगज भिंतीकडे तोंड करून उभा होता. राजियांनी जोडे बाहेर काढिले, आणि जवळ जाऊन हलकेच म्हणाले, "बाबा रे, आमचे चुकले," आणि ऊस पुढे केला. हत्तीने मान वळविली, राजियांकडे पाहिले, ऊस पाहिला, आणि सोंड लांबवून दावलाचे गळ्यात घातली. मग दावलाने ऊस दिला तो खाल्ला. राजियांचे हातचा तसाच राहिला. दिवाणजी चपापले की आता अपमान जाहला म्हणतील, परंतु राजे ऊस खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे त्याचे. आम्ही उद्या पुन्हा येऊ," आणि दुसरे दिवशी गेले, आणि तिसरे दिवशीही गेले.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. दावल माहुतीवर कायम जाहला, विसाजीपंतांची दुभाषीगिरी शाबूत राहिली, राजे हत्तीचे पसंतीस उतरले परंतु त्यास कार्तिक उजाडला. दिवाणजींस मात्र झाल्या प्रकाराबद्दल शेवटपर्यंत रिग्रेटच वाटत राहिले.