आठ अनारसे आणि नमुना क्रमांक सत्तेचाळीस

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात व्यसनमुक्ती सप्ताह अत्यंत शिस्तीत पार पडला आणि त्यात दोनशे अकरा कामगार अफूबाज निघाले. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून आहे. सगळी परिपत्रकं मीच टाइप करतो, त्यामुळे जे घडलं ते नियमानुसारच घडलं, हे माझ्याइतकं छातीठोकपणे दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

झालं असं, की परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने अट घातली. कामगारांची नशातपासणी करा, नाहीतर माल घेणार नाही. तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेल्या शिमग्यापासून गळतोय, त्याबद्दल गिऱ्हाइकाने काही विचारलं नाही. म्हणून आम्हीही विषय काढला नाही.

आमचे मनुष्यबळ अधिकारी आमोदसाहेब पुण्याहून आलेले, तरुण आणि उत्साही. त्यांनी तपासणीचे किट मागवले.

"साहेब, दारूसुद्धा तपासायची ना?" मी विचारलं.

"दारू किटमध्ये नाही. अफू आहे, गांजा आहे, आणखी तीन नावं आहेत. आपण किटप्रमाणे जायचं."

महाड-पोलादपुरात अफू खाणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. पिणारे विचाराल तर पाळीनिहाय यादी देतो. पण परिपत्रकात मी 'किटप्रमाणे' असंच टाइप केलं. आपल्याला काय करायचंय?

सोमवारी सप्ताहाचं उद्घाटन झालं. शपथ झाली, भाषण झालं, आणि तोंड गोड करायला प्रत्येकाला आठ अनारशांचा खोका मिळाला. अनारसे कापडे गावच्या महिला बचत गटाचे. स्थानिक महिलांना प्रोत्साहन, असं मी फलकावर लिहिलंही होतं. मंगळवारी सकाळी दोनशे बारा कामगारांनी रांगेत उभं राहून लघवीच्या बाटल्या दिल्या. कार्यालयीन कर्मचाऱ्यांना तपासणीतून सूट होती, कारण सूट देणारं परिपत्रक आम्हीच काढलं होतं.

सत्तेचाळीस नंबरची बाटली धोंडूची होती. धोंडू तीन नंबर टाकीवरचा ऑपरेटर, राहणार कापडे, नोकरी सव्वीस वर्षं. वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना तोच घेतो. नशा करणार नाही हे पाचवं शील आलं की आवाज असा चढवतो, की मागच्या रांगेतले दोघं-तिघं चटईकडे बघायला लागतात. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलेलं नाही. गळक्या व्हॉल्व्हची तक्रार वहीत चार वेळा लिहिणाराही हाच.

गुरुवारी निकाल आला. धोंडू अफूबाज. त्याच्या पुढचा अफूबाज, मागचाही अफूबाज. दोनशे बारांपैकी एकच माणूस स्वच्छ निघाला, तो म्हणजे महादू.

महादू सकाळच्या पाळीला येतो तेव्हा फाटकाचा खांब धरून आत वळतो. त्याने अनारशांचा खोका सोमवारी संध्याकाळीच एका ठिकाणी दिला होता आणि बदल्यात अर्धी बाटली घेतली होती. किटमध्ये तो बसतच नव्हता.

दोनशे अकरा जणांना घरी बसवलं तर कारखाना बंद. म्हणून आमोदसाहेबांनी त्यांना 'उपचाराधीन' असा दर्जा देऊन कामावर ठेवलं आणि सात दिवसांचं समुपदेशन लावलं. समुपदेशक म्हणून निर्व्यसनी माणूस हवा, आणि कागदोपत्री तसा एकच होता.

"धोंडूदा, मन घट्ट करायचं," महादू टेबलाचा आधार घेत म्हणाला. "माज्याकडं बघ."

"तुज्याकडंच बघतोय रे, सव्वीस वर्षं," धोंडू म्हणाला.

त्याच आठवड्यात आमोदसाहेबांच्या लक्षात आलं, की व्हॉल्व्हच्या चारही तक्रारी एका नशेबाजाने लिहिल्या आहेत. अशा माणसाला काय दिसेल, कशाचा वास येईल, याचा काय भरवसा? शुद्धीवरच्या माणसाकडून पाहणी व्हावी म्हणून त्यांनी महादूला टाकीवर पाठवलं. पंधरा मिनिटांनी तो परत आला.

"साहेब, दोन व्हॉल्व्ह हायत. दोनी झ्याक हायत."

त्या टाकीला व्हॉल्व्ह एकच आहे. तरीही 'दोन्ही व्हॉल्व्ह सुस्थितीत' असा अहवाल मी टाइप केला. साहेबांनी त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारला.

शुक्रवारी कंपनीच्या डॉक्टर विनीता आल्या. त्या आठवड्यातून एकदाच येतात. त्यांनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "या सगळ्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी खाल्लं काय होतं?" मी अनारसे म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. खसखस अफूच्याच बोंडातली, भरपूर खाल्ली तर किटला तेच दिसतं, असं त्यांनी समजावलं. खात्रीसाठी बचत गटाच्या अध्यक्षांना बोलावण्यात आलं. अध्यक्ष म्हणजे कमळाबाई, धोंडूची बायको.

"खसखस एकाच बाजूला लावतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावत्यात एकाच बाजूला. पण कंपनीचं काम पहिल्यांदाच मिळालं, बाई! नाव जायला नको म्हणून दोनी अंगांनी थापली." मग तिला काहीतरी उमगलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "ह्यांना तर मी बळंच आठच्या आठ खायाला लावले. म्हणजे मीच का गो बाई ह्यांचं नाव घालवलं?"

ती गेल्यावर आमोदसाहेबांनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, हे रेकॉर्डवर घेता येणार नाही. अमली पदार्थ कंपनीने वाटले, तेही व्यसनमुक्ती सप्ताहात, असं होईल. व्यसनी कामगारासाठी आपल्याकडे धोरण आहे. अनारशासाठी नाही."

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी मी 'इतर' नावाच्या फायलीत लावली. ती फाईल आमच्याकडे सगळ्यात जाड आहे.

सात दिवसांनी पुन्हा तपासणी झाली आणि सगळे स्वच्छ निघाले. आता एकच सोपस्कार उरला, हमीपत्र. 'मी अमली पदार्थाचे सेवन करीत होतो. कंपनीच्या मार्गदर्शनामुळे मी त्यातून मुक्त झालो आहे.' सही केली नाही तर कामावर ठेवणार नाही. दोनशे दहा जणांनी चालता चालता सह्या केल्या. कित्येकांनी तर कागद भिंतीला लावूनच.

धोंडू मात्र माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"भाऊसाहेब, मी कदी सेवन केलं?"

"अरे, नुसती सही आहे. कोण वाचतंय?"

"खोटं बोलायचं नाय, हे चौथं शील. तुमच्या कागदानं माजं पाचवं मोडलंच हाय. आता माज्या हातानं चौथं मोडू?" त्याने कागद टेबलावर ठेवला. "येत्या रविवारी वंदनेला उभा राहीन तवा वस्ती माज्या तोंडाकडं बघंल. तितं काय सांगू?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, उगाच नाही सांगत. पण मुदत पाच वाजेपर्यंत होती.

"काहीतरी लिही बाबा, आणि मोकळा हो," मी म्हणालो.

तो खुर्चीवर बसला. छापलेल्या दोन्ही ओळींवर त्याने पट्टीने रेघ मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी आठ अनारसे खाल्ले. ते कंपनीने दिले. माझ्या बायकोने चांगले केले होते. व्हॉल्व्ह गळतो.' आणि सही केली. मी शिक्का मारला. आमोदसाहेबांनी गठ्ठ्यातल्या सह्या मोजल्या. दोनशे अकरा भरल्या, म्हणून सगळं बरोबर होतं.

गिऱ्हाईक खूश झालं. सात दिवसांत शंभर टक्के व्यसनमुक्ती त्यांनी जगात कुठे पाहिली नव्हती म्हणे. महादूला शाल मिळाली. ती त्याने त्याच ठिकाणी नेली.

त्यानंतर नवं परिपत्रक निघालं. गळती, वास किंवा तत्सम बाबींची तक्रार करणाऱ्याने आधी लघवीचा नमुना द्यावा, म्हणजे तक्रार शुद्धीत केली असल्याची खात्री होईल. हेही मीच टाइप केलं. तेव्हापासून वहीत एकही नवीन हस्ताक्षर आलेलं नाही. फक्त धोंडू दर सोमवारी येतो, भरलेली बाटली टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "ही बाटली. आता वही द्या." त्याची अकरावी तक्रार परवाच झाली. कमळाबाईने अनारसे करणं सोडलंय.

काल वारा फिरला. वास थेट माझ्या खोलीत आला, डोळे चुरचुरले, घशात खवखवलं. वही माझ्याच खणात असते. मी ती काढली, पेनाचं टोपण काढलं, तारीखही घातली. मग परिपत्रक आठवलं. या वयात हातात बाटली घेऊन कुठे उभं राहायचं? तारीख खोडली, टोपण लावलं आणि उठून खिडकी बंद केली.

तुम्ही हसताय. हसा, हसायला नमुना लागत नाही. पण तुमच्याही ऑफिसात असा एखादा वास येतच असेल. खरं सांगा, तुम्ही वही मागितलीत, की खिडकी लावलीत? नाही, नकोच, सांगू नका. सांगितलंत तर मला ते टाइप करावं लागेल.